मुक्कामाचा पाहुणा

लाईट गेली आणि आमचा डंख मधेच थांबला. डंख म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. विजेवर लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि खालच्या उखळात मिरची कुटली जाते. चालू असला की शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, बंद पडला की पलीकडच्या आळीतलं भांडणसुद्धा कानावर येतं. चैत्र महिना होता, वर्षाची चटणी करून ठेवायचे दिवस. पाच-सहा बायका भाजलेली मिरची, धने, खोबरं डब्यात भरून नंबर लावून बसल्या होत्या. माझी सून वैजंता कोपरापर्यंत लाल होऊन उखळाशी उकिडवी बसली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

कांडपाच्या दिवसांत फोन कानाला लावायची आमच्यात सोयच नव्हती. हात सगळे तिखटाचे. फोन फळीवर पडलेला असायचा, आणि जी बाई जवळ बसली असेल तिनं बटण दाबून स्पीकर लावायचा. फोन तरी कसले यायचे? "आक्का, आज गर्दी हाय का? उद्या येऊ का?" बस. त्या दिवशी फळीशेजारी हौसाबाई होती. पाटलांच्या मोठ्या घरची थोरली. गावातल्या बायकांत तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिनं पुढं वाकून बटण दाबलं.

"वैजंता साळुंखे बोलताय का?" बाईचा आवाज.

"व्हय, बोला."

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्या गावात शिबिर झालं होतं ना, तिथली नर्स बोलतेय. तुमचा रिपोर्ट आलाय. गर्भपिशवीच्या तोंडाशी विषाणू सापडलाय. घाबरू नका, पण मिरजेला येऊन पुढची तपासणी करून घ्या. दुर्लक्ष केलं तर पुढं कॅन्सरचा धोका असतो. आणि हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, तेव्हा मिस्टरांनाही सोबत आणा."

वैजूचे मिस्टर म्हणजे माझा संपत. बोअरच्या गाडीवर कामाला होता, सहा-सहा महिने कर्नाटकात असायचा. तिकडंच गाडी उलटून गेला. त्याला जाऊन आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" नर्सबाई विचारत राहिली. शेवटी मीच उठले आणि तिखटाच्या बोटानं फोन बंद केला.

हौसाबाईनं पदर खोचला, आपला डबा उचलला. "लाईट काय आता लवकर येत न्हाई," म्हणाली आणि पायऱ्या उतरली. तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. पंधरा मिनिटांत लाईट आली. डंखाचं बटण तसंच चालू राहिलं होतं, त्यामुळं मुसळं आपोआप दणादण सुरू झाली. दारात एक बाई नव्हती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आता शिबिर होतं हळदीकुंकवाच्या दिवशी, देवळाच्या हॉलात, म्हणजे जमलेल्या सगळ्या सवाष्णी. वैजूला तिथं मीच धाडली होती. म्हटलं, वाण नको लुटू, कुंकू नको लावू, पण तपासायला काय हरकत आहे? गर्भपिशवी काय मंगळसूत्र बघून दुखते व्हय? पण बायकांनी त्याचा अर्थ उलटा लावला. नवरा नाही तर ही गेलीच कशाला? काहीतरी असल्याशिवाय बाई तपासायला जाते का?

मी आडपडदा ठेवणारी बाई नाही. चूल पेटवता पेटवता तिला सरळ विचारलं, "वैजे, खरं सांग. हाय का कुणी?"

तिनं भाकरी थापायची थांबवली. "आत्ती, तुमीबी?"

"अगं असला तर असू दे. मला त्याचं लोणचं घालायचंय का? संपत गेल्यापासनं आठ वर्सं तू या घरात राबतीयास, मी काय आंधळी न्हाई. असला तरी दवाखान्यात जायचं, नसला तरी जायचं. म्हाईत असलेलं बरं, म्हणून इचारलं."

"न्हाई कुणी," ती म्हणाली. "ह्यांच्या माघारी कुणाच्या अंगाचा वारा लागला न्हाई मला. तुमच्या पायाची शपथ."

"माझ्या पायाला काय हुतंय. उद्या मिरजंला जायचं."

"मी न्हाई जायची."

"का?"

"गेले की म्हणत्याल, बघा, हुतं म्हणून गेली. न्हाई गेले तर चार दिवस बोलत्याल आन् इसरत्याल."

"आन् कॅन्सर इसरंल व्हय गं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, ती करपली, आणि आम्ही दोघींनी ती करपलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डंखावर कुत्रंसुद्धा आलं नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, बायका टमटम करून शेजारच्या गावाला चटणी कुटायला निघाल्यात. आमच्याकडं एक समजूत आहे, वर्षाच्या चटणीला कुटणाऱ्या बाईचा हात लागतो. हात चांगला असेल तर चटणी वर्षभर लालभडक राहते, नसेल तर जाळी धरते. पाळीची बाई उखळापाशी बसत नाही. मग असल्या रोगाच्या बाईची काय कथा! गेली चटणी, गेलं वर्ष. वैजूचा हात इतका चांगला, की तिनं कुटलेली चटणी मुंबई-पुण्याला लेकीबाळींकडं जायची. तोच हात एका फोननं बाटला.

चौथ्या दिवशी तिचा भाऊ उत्तम मोटारसायकल घेऊन दारात. पाणीसुद्धा घेतलं नाही पोरानं.

"मावशी, ताईला न्यायला आलोय."

"ने की. माहेर हाय तिचं. पण आधी मिरज."

"मिरज-बिरज काय न्हाई. माझ्या दोन पोरी लग्नाला आल्यात. आत्याला असला रोग हाय म्हणून कळलं तर कोण करील? गप घरात ऱ्हाईल, देवाधर्माचं बघू."

"उत्तमराव, देव काय गर्भपिशवीचा डाक्टर हाय का?"

"तोंड सांभाळून बोला मावशी. सून तुमची असंल, बहीण माझी हाय."

"बहीण तुझी हाय तर जगू दे की तिला!"

आम्ही भांडतोय आणि वैजू आत पिशवी भरतेय. मी आत गेले तर बाईसाहेबांनी दोन लुगडी घडी करून ठेवलेली. जोर करून न्यायला ती काही शेळी नव्हती. मग मी खाली बसले आणि आवाज बारीक केला. तो मला फारसा जमत नाही, पण केला.

"वैजे, तू नको तपासू. तू म्हणतीस तसं. पण मला तपासायचंय."

"तुमाला?"

"मला काय गर्भपिशवी न्हाई? संपत काय झाडावरनं पाडला मी? त्या दिवशी शिबिरात मी डंख सोडून आले न्हाई, ऱ्हाऊन गेलं. आता मनाला रुखरुख लागलीय. एकटीला मला मिरजंचं कळत न्हाई. तेवढी संगं चल, मग खुशाल जा भावाकडं."

तिला कळलं मी बनाव करतेय. पण सासू एवढं खाली येऊन बोलतेय म्हटल्यावर सुनेला नाही म्हणवेना. उत्तमला म्हटलं, आठ दिवसांनी ये. तो पाय आपटत गेला.

मिरजेच्या दवाखान्यात बागवान मॅडम म्हणून डॉक्टरीण होत्या. ठेंगण्या, चष्म्याच्या, बोलायला मोकळ्या. मी आत गेल्या गेल्या सांगून टाकलं, "मॅडम, ही माझी सून. हिच्यात विषाणू निघालाय, पण ही तपासायची न्हाई. तपासायची मी."

मॅडमनी वैजूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "चालेल. या, वर चढा."

त्या टेबलाची मला दहशत नव्हती असं नाही. संपतच्या वेळी सुईण घरी आली होती, त्यामुळं असलं टेबल आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. लाज तर वाटतेच की. वैजू डोक्याशी उभी होती, तिचा हात धरला आणि छताकडं बघत मोठ्यानं विचारलं, "मॅडम, आठ वर्सं नवरा नसलेल्या बाईत हे येतं कुठनं?"

मॅडम हातातलं काम करत करत बोलल्या.

"आठ वर्षांत आलं असंच कुणी सांगितलं तुम्हाला? मावशी, हा विषाणू संबंधातून येतो, हे खरं. पण आला म्हणजे लगेच रोग होतो असं नाही. दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही. लग्न झालेल्या बहुतेक बायकांच्या अंगात तो कधी ना कधी येऊन जातो, आणि शरीर त्याला आपोआप हुसकून लावतं. वर्ष-दोन वर्षांत. काहींच्यात मात्र तो जात नाही. दबून बसतो. दहा वर्षं, वीस वर्षं."

"म्हंजे मुक्कामालाच येतो," मी म्हटलं.

"हां, मुक्कामाला. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा आणि घरच धरून बसला, तसं. घरातल्यांना पत्तासुद्धा नसतो. आणि असा बसला की मग तो तिथल्या पेशी बिघडवायला लागतो. तिथंच कॅन्सरची सुरुवात होते. पण त्याला वर्षं लागतात, म्हणून वेळेत बघितलं तर थांबवता येतं."

वैजू पहिल्यांदा बोलली. "मॅडम, म्हंजे ह्यांच्याकडनं?"

"कुणाकडून आला, कधी आला, ते जगातली कुठलीच तपासणी सांगत नाही. पुरुषांना तर कळतही नाही की आपल्याकडं आहे. मी एवढंच सांगते, की आत्ता सापडला म्हणजे आत्ता आला असा त्याचा अर्थ होत नाही. जो माणूस तसा अर्थ काढतो तो चुकतो."

वैजू माझ्याकडं बघेना. एवढंच कसंबसं विचारलं होतं तिनं, पुढचं तिच्या तोंडून निघणार नव्हतं. मेलेल्या नवऱ्यावर आळ, तोही त्याच्या आईसमोर. संपत माझा एकुलता एक. त्याच्या फोटोला मी रोज फूल घालते. पण तरणाबांड पोरगा, वर्षातलं अर्धं घराबाहेर, कुठं काय केलं असेल हे आईला कसं ठाऊक असणार? आणि नसेलही केलं, लग्नाआधीचं काही असेल. आता त्याला विचारायला कुठं जाऊ?

टेबलावरून उतरले, लुगडं सारखं केलं, आणि म्हटलं, "वैजू, माझ्या लेकाकडनंच आलं असंल. दुसरं कोण हाय? तू त्याचं भोगतीयास. चढ वर."

ती रडायला लागली, हुंदके देत, दवाखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं. मॅडमनी थांबू दिलं. मग पोरगी डोळे पुसून स्वतःच टेबलावर चढली.

तिच्यात चट्टा निघाला. मॅडमनी औषध लावलं तेव्हा तेवढा भाग पांढरा झाला. तपासायला बारीक तुकडा घेतला, आणि सांगितलं, "मला हा कॅन्सर वाटत नाही, पण त्या वाटेला लागलेला आहे. बुधवारी या. तोवर तुकड्याचा रिपोर्टही येईल. एवढा भाग काढून टाकला की झालं, संध्याकाळी घरी. पण टाळू नका. आज जे अर्ध्या तासाचं काम आहे, ते पाच वर्षांनी माझ्या हातात राहणार नाही."

मला वाटलं, जिंकली लढाई. कसलं काय! येताना यष्टीत वैजू खिडकीकडं तोंड करून बसली ती बसलीच. तासगाव मागं पडल्यावर म्हणाली, "आत्ती, तुमाला पटलं, मला पटलं. गावाला कोण पटवणार?"

"गाव गेलं खड्ड्यात."

"गाव खड्ड्यात गेलं तर डंखावर कोण येणार? मी बुधवारी मिरजंला गेले की पक्कं म्हणत्याल, हिला भायेरचाच रोग हाय. मी तुमच्या दारात हाय तोवर एक बाई पायरी चढायची न्हाई. या वयात तुमी काय खाणार? मी जाते दादाकडं. मी गेले की येत्याल सगळ्या परत."

"आन् चट्टा?"

"ऱ्हाऊ दे. पाच वर्सं हायत म्हणल्या की त्या."

काय करावं या पोरीला? माझ्या पोटासाठी ती आपलं पोट नासवायला निघाली होती. मला राग आला, आणि रडूही आलं. दोन्ही मी यष्टीत दाबून धरलं. भावाकडं गेली की तिला कोण मिरजेला आणणार? म्हणजे बुधवारच्या आत गावाचं तोंड बंद करायचं, नाहीतर पोरगी हातची गेली. कसं करायचं ते मात्र सुचत नव्हतं.

सोमवारी दुपारी बागवान मॅडमचा फोन आला, माझ्या नावानं. मी परसात शेण्या लावत होते.

"मावशी, शांतपणे ऐका. सुनेच्या तुकड्यात कॅन्सर नाही, बुधवारी नक्की आणा त्यांना. दुसरं म्हणजे, तोच विषाणू तुमच्यातही सापडलाय. चट्टा वगैरे काही नाही, काळजीचं कारण नाही. फक्त वर्षानं पुन्हा तपासू."

"माझ्यात?"

"हो. तुमचे मालक जाऊन किती वर्षं झाली म्हणालात?"

"सत्तावीस."

"मग बघा. काहींच्यात इतकी वर्षंसुद्धा दबून राहतो, आणि वय झालं की पुन्हा डोकं वर काढतो."

मी हसायला लागले. आधी हळू, मग जोरात. मॅडमना वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलं. "मावशी, बऱ्या आहात ना?"

"लई बरी हाय मॅडम," मी म्हटलं. "तुमचं तोंड गोड हू दे."

हात धुतले, लुगडं बदललं, आणि तडक हौसाबाईच्या वाड्यावर. दुसऱ्या दिवशी परगावच्या डंखाला न्यायची म्हणून तिच्या अंगणात मिरची भाजायचं चाललं होतं. आळीतल्या आठ-दहा बायका खोकत, शिंकत बसल्या होत्या. मला बघून कुणी सरकलं नाही, पण मी मधेच फतकल मारली.

"बायांनो, माझा रिपोर्ट आलाय मिरजंचा. वैजूत निघाला त्योच रोग माझ्यातबी निघालाय."

उलथनी थांबली. खोकला तेवढा चालू राहिला.

"संबंधातनं येतोय म्हणं," मी म्हटलं. "फोनवर ऐकलंच हाय तुमी. आता माझे मालक जाऊन सत्तावीस वर्सं झाली. तवा मला जरा मदत करा. हौसाबाई, तुझं घर माझ्या समोर. रात-बेरात उठतीस, खिडकीतनं बघतीस. माझ्याकडं कोण येतं गं? मला काय आठवंना."

एक तरुण पोर फिसकन हसली. हौसाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं पदर तोंडात कोंबला.

"गोजराक्का, काय बोलतीस? वय काय तुझं?" हौसाबाई म्हणाली.

"अठ्ठावन्न. म्हणून तर इचारते. हाय का कुणी? असला तर मला तरी कळू दे, चहा पाजीन म्हणते त्याला."

आता दोघी-तिघी हसल्या. हौसाबाई हसली नाही. "पण तुझे मालक माळकरी हुते. देवमाणूस. त्येंच्याकडनं कसा यील?"

"माळ गळ्यात असती हौसाबाई. रोग काय गळ्यात असतोय?"

मग हसू आवरेना कुणाला. मी हसू संपायची वाट बघितली, आणि मग मात्र माझा आवाज चढला. "त्येंच्याकडनं आला का कसा, मला ठाव न्हाई आन् मेलेल्या माणसाला उठवून मी इचारणार न्हाई. पण माझ्या अंगात त्यो तवापासनं मुक्कामाला हाय, मला पत्ता न्हाई. तसाच वैजूच्या अंगात हाय, माझ्या संपतपासनं. डाक्टरीण म्हणती, लग्न झालेल्या कुठल्याबी बाईत असंल. तुमच्यातबी असंल. तुमी समद्यांनी तपासलंय न्हवं शिबिरात? ज्यांचं न्हाई निघालं त्यांनी नशीब म्हणायचं. पोरीला नावं ठेवायची न्हाईत. ज्यांना ठेवायचीत त्यांनी आधी माझ्या नावाचा माणूस हुडकून आणायचा, मग वैजूचा. मी बसलेय इथं."

मिरची करपायला लागली तशी एकीनं पाटीत ओतली. हौसाबाई चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत राहिली, चेहरा उतरलेला. मी बरीच वाट बघितली आणि उठले. पालथ्या घड्यावर पाणी, म्हटलं. हसल्या तेवढ्या, पण एक बाई 'बरोबर हाय तुझं' म्हणाली नाही.

मंगळवारी सकाळपासून वैजू घर सारवत होती. जायच्या आधी घर लख्ख करून ठेवायचं, असली ती. उत्तम बुधवारी सकाळी येणार होता. मी वाड्यावर काय बोलून आले ते तिला कळलं होतं, तिनं फक्त म्हटलं, "आत्ती, आता तुमचंबी नाव घालवलंत."

"माझं नाव लई वरीस झालं वापरून. आता गेलं तर जाऊ दे," मी म्हटलं. तरी पिशवी तिथंच दाराशी.

दिवस कलला तेव्हा परसदारी कडी वाजली. उघडलं तर हौसाबाई. पाटलांची थोरली, परसदारानं, एकटी. मला वाटलं भांडायला आली. ती माझ्या अंगावरून आत गेली आणि सारवलेल्या ओल्या जमिनीवरच वैजूपुढं बसली.

"वैजू, तू उद्या जाणार हायस न्हवं मिरजंला?"

वैजूनं शेणाचा हात बादलीत बुचकळला.

"मला संगं ने." तिनं पदराचा बोळा करून हातात धरला होता. "माझी पाळी जाऊन सात वर्सं झाली. आन् दिवाळीपासनं पुन्हा जातंय अंगावरनं. आधी डाग पडायचे. आता लई."

"शिबिरात तपासलंत न्हवं तुमी?" मी मधेच बोलले.

"समद्यांना आत धाडलं मी. माझा नंबर आला तवा वाण वाटायचं म्हणून भायेर आले. भ्याले गोजराक्का. मला ठाव हुतं काहीतरी निघणार." मग पुन्हा वैजूकडं वळली. "त्या दिवशी तुझा फोन आला, आन् मला काय वाटलं सांगू? बरं झालं, वाटलं. समदं गाव हिच्याकडं बघंल, माझ्याकडं कोण बघणार न्हाई. मीच बोलले घरोघर. मीच टमटम ठरवली."

वैजू उभी राहिली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा कधी बघितला नव्हता. "माझा हात बाटला म्हणून सांगितलंत तुमी," ती म्हणाली. "माझं नाव घरोघर फिरवलंत. मी घर सोडून निघालेय तुमच्यापायी. आन् आता मीच तुमाला नेऊ?"

"दुसरी कोण हाय मला?" हौसाबाई म्हणाली. "घरात लेकाला कसं सांगू? सुनांना कसं सांगू? तू त्या टेबलावर चढलीयास. तुला ठाव हाय."

हौसाबाई रडली नाही. वैजूनं मात्र बराच वेळ तिच्याकडं बघितलं, इतका वेळ की मला वाटलं, आता ही तिला हाकलते. आणि हाकललं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. मग ती दाराशी गेली, पिशवीतनं एक लुगडं काढलं, दांडीवर टाकलं आणि म्हणाली, "सातची यष्टी हाय. उपाशी येऊ नका, भाकरी खाऊन या. तिथं लई वेळ लागतोय."

पुढचं सांगून टाकते. वैजूचा चट्टा काढला, संध्याकाळी ती यष्टीनं घरी आली. आता बारा वर्षं झाली. दर ठरल्या वेळी तपासून येते, खणखणीत आहे, डंख तीच चालवते आणि मला ओरडते. माझ्यातला पाहुणाही अजून शांत आहे. हौसाबाईला उशीर झाला होता. लाईटचे शेक झाले, सलाईन झालं, सगळं केलं तिच्या लेकांनी. तीन वर्षं काढली तिनं. पण मला ती आठवते ती बुधवारच्या सकाळची, स्टँडवरची.

आम्ही तिघी यष्टीची वाट बघत होतो. दुधाला, बाजाराला निघालेलं अर्धं गाव तिथं उभं. तेवढ्यात उत्तमची मोटारसायकल आली. त्यानं वैजूला बघितलं, गाडी बंदसुद्धा केली नाही. "ताई, बस मागं."

"दादा, मी मिरजंला निघालेय," वैजू म्हणाली.

"डोकं फिरलं का तुझं? एवढ्या लोकांत? लोक काय म्हणत्याल?"

वैजूनं मान खाली घातली. मी तोंड उघडणार तोच हौसाबाई पुढं झाली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली.

"या गावात लोक म्हंजे मीच की रं, उत्तमराव. आन् मी तिच्या संगं चाललेय."